निरभ्र आभाळ आणि भोंगा

भाऊबीज झाली आणि दोनच दिवसांनी मी भाचीला घेऊन कुंडलला निघालो. साल २०२२. कुंडलला माझ्या मावशीचं घर आहे. भाची तेव्हा सातवीत होती. लहानपणीची काही वर्षं ती आईबाबांबरोबर अमेरिकेत, डॅलस शहरात राहिलेली. त्यामुळे सांगली जिल्ह्यातलं गाव ती पहिल्यांदाच नीट बघणार होती.

गाडीतून आम्ही किर्लोस्करवाडीला उतरलो. या स्टेशनाचं जुनं नाव काय होतं, ठाऊक आहे? 'कुंडल रोड'! कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. इथल्या माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट. औंधच्या राजांनी ही जागा दिली आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथे नांगरांचा कारखाना उभा केला. माळाची वाडी झाली!

स्टेशनवरून कुंडलपर्यंत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गावाजवळच्या डोंगरावर जैनांची प्रसिद्ध देवस्थानं आहेत. पण कुंडलचं नाव घेतलं की जुन्या माणसांना आधी आठवतं ते क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. १९४३ च्या सुमारास सातारा भागात इंग्रजांना न जुमानता लोकांनी आपलं सरकार चालवलं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड इथलेच. प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचं नाव होतं 'तुफान सेना'!

"तुफान म्हणजे टोर्नेडो का रे मामा?" भाचीनं विचारलं.

"तुफान म्हणजे मोठं वादळ. तुझा टोर्नेडो म्हणजे चक्रीवात. तो आपल्याकडे फारसा येत नाही."

ती एकदम गप्प झाली. का, ते मला संध्याकाळी कळलं.

मावशीचा बेत ठरला होता. "चला, मोहित्यांच्या वडगावला जाऊन येऊ. माझी मैत्रीण हाय तिथं. पोरीला एक गंमत दाखवते." गंमत कसली ते काही सांगेना. आम्ही वडापच्या जीपमध्ये बसलो. वाटेत सागरेश्वरचा डोंगर लागतो. तिथं अभयारण्य आहे, हरणं आहेत. डोंगरापलीकडचं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. वडगावही त्याच भागातलं, कडेगाव तालुक्यातलं.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. आभाळ कसं लख्ख! ढगाचा ठिपका नाही, पश्चिमेला चंद्राची बारीक कोर. मावशीच्या मैत्रिणीच्या अंगणात आम्ही बसलो होतो. एवढ्यात देवळाच्या बाजूनं मोठ्ठा भोंगा सुरू झाला.

भाचीनं माझा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, आत चल! घरात चल ना लवकर!"

"अगं बया, भ्यालीस व्हय?" मावशीनं तिला जवळ घेतलं. "काय न्हाई गं. सात वाजलं, म्हणून वाजतोय!"

आणि मग गंमत दिसली. समोरच्या घरातला टीव्ही बंद झाला. शेजारच्या दादानं मोबाइल फळीवर ठेवला. दोन मुलं दप्तर घेऊन ओसरीवर आली.

या गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला होता. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद! कोरोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली, शाळा पुन्हा भरू लागली तरी मोबाइल हातातून सुटेना. म्हणून सरपंच विजय मोहिते आणि गावकऱ्यांनी ही युक्ती काढली. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीची माणसं, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावून सांगू लागले. हळूहळू गाव तयार झालं.

भाची जरा सावरली. मग तिनं आपली गोष्ट सांगितली.

७ एप्रिल २०१७ ची रात्र. ती सात वर्षांची होती. डॅलसमध्ये चक्रीवाताचा इशारा देणारे भोंगे शहरभर बसवलेले आहेत. रात्री पावणेबाराच्या सुमाराला ते सगळे, म्हणजे तब्बल १५६ भोंगे एकदम वाजू लागले. तिच्या बाबांनी तिला उचलून घराच्या मधोमध असलेल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात नेलं. चक्रीवात आला की तिथं तसंच करतात. आई सारखी बाहेर डोकावून येई आणि म्हणे, "आभाळ तर स्वच्छ आहे!" भोंगे थांबत, पुन्हा वाजत. जवळजवळ दीड तास हे चाललं. वादळ काही आलंच नाही.

मागाहून कळलं, कुणीतरी खोटा रेडिओ संदेश पाठवून भोंगे वाजवले होते. त्या रात्री घाबरलेल्या लोकांनी मदतीच्या क्रमांकावर चार हजारांहून जास्त फोन केले. आता विचार करा, त्या वेळी खरोखरच कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, तर त्याचा फोन लागायला किती उशीर झाला असेल!

"अमेरिकेत भोंग्याची चाचणीसुद्धा घेतात," भाची म्हणाली. "पण ठरलेल्या दिवशी, दुपारी. आणि आभाळ भरून आलं असेल तर घेतच नाहीत."

"का गं?" ओसरीवरच्या मुलानं विचारलं.

"मग खरं कुठलं नि चाचणी कुठली, कसं कळणार?"

मावशी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "पोरी, आमच्याकडं उलटं हाय. आभाळ निरभ्र असलं तरी भोंगा खरा असतो."

हे मात्र खरं. कुंडलचा भाग कमी पावसाचा. पण पश्चिमेला सह्याद्रीत, कोयनानगरला पाऊस धो धो कोसळतो. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. धरण भरत आलं की पाणी सोडावं लागतं. त्याआधी भोंगा वाजवून नदीकाठच्या लोकांना सावध करतात. ते पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि पुढे सांगलीकडे येतं. इथं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते!

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर गेलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं.

मावशीचं माहेर नदीकाठचं. ती हळू आवाजात म्हणाली, "माणसांना सांगितलं हुतं, बाहेर पडा. पण २००५ च्या पुराच्या खुणा भिंतीवर हुत्या न्हवं? त्याच्या वर काय येत न्हाई, म्हणून कैक जण बसून राहिलं. पाणी खुणा वलांडून गेलं." त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले.

सगळे गप्प बसले. मग भाचीनं विचारलं, "मामा, मला सारखं वाटतं, डॅलसला पुढच्या वेळी खराच भोंगा वाजला, तर 'पुन्हा खोटाच असेल' म्हणून लोक झोपून राहतील का?"

लांडगा आला रे आला! गोष्टीतला मुलगा दोनदा खोटं ओरडला आणि तिसऱ्यांदा कुणीच धावलं नाही. भोंग्याचंही तसंच असतं. आवाज कितीही मोठा असो, त्यावर लोकांचा विश्वास नसेल तर तो नुसता गोंगाट. वडगावच्या भोंग्याचा अर्थ गावातल्या पोराटोरांनाही माहीत होता, म्हणून एका आवाजात गाव दप्तरं उघडून बसलं.

"म्हणून खोटा भोंगा वाजवायचा नाही," मी म्हणालो, "आणि खरा वाजला, तर आभाळाकडे बघत बसायचं नाही. आधी उठायचं."

साडेआठ वाजेपर्यंत भाची त्या दोघांना इंग्रजीचा धडा वाचून दाखवत होती. ती मुलं तिला 'वडाप'चा अर्थ समजावत होती. परतताना जीपमध्ये तिनं डोकं बाहेर काढून आभाळाकडे पाहिलं. कोर मावळली होती, चांदण्या दाट दिसत होत्या.

"मामा, उद्या सात वाजता पुन्हा येऊ या?"

"भीती नाही वाटणार?"

"आता कशाची भीती? आता मला माहितेय ना, तो काय सांगतो ते!"