गंज पेठेंतील घर

दिवाळीच्या सुट्टींत आम्ही लातूरचे चौघे मित्र पुण्यास गेलों होतों. आमच्यापैकीं एकाच्या मामांकडे मुक्काम होता. शनिवारवाडा व पर्वती हीं स्थळें पहिल्याच दिवशीं पाहून झालीं. रविवारीं कसलीहि घाई नव्हती. म्हणून चहापान सावकाश आटोपून आम्ही महात्मा जोतीराव फुले यांचें घर पाहावयास पायींच निघालों.

वाटेंत बुधवार पेठ लागली. येथील भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ मध्यें मुलींची शाळा काढिली. ती मोडकळीस आलेली इमारत २०२३ च्या डिसेंबरांत स्मारकासाठीं पाडण्यांत आली, त्यामुळें पाहण्यासारखें जुनें तेथें कांहीं उरलें नाहीं. आम्ही तसेच पुढें गंज पेठेंत गेलों.

वाचकहो, वाडा म्हटल्यावर डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें येथें शोधूं नये. आमच्या मराठवाड्यांतील देशमुखांचे वाडे याहून कितीतरी मोठे! हें घर कौलारू व ठेंगणें. लांकडी खांब, ओसरी आणि लहान लहान खोल्या. १८८८ मध्यें पक्षाघातानें जोतीरावांचा उजवा हात गेला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलें. तें छापून निघालें १८९१ मध्यें, त्यांच्या पश्चात्. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहितांना बोटें दुखतात म्हणून कुरकुरणारे आम्ही हें ऐकून एकमेकांकडे पाहूं लागलों.

अंगणांत त्यांची समाधि आहे, वर तुळशीवृंदावन. आपला देह न जाळितां मिठांत घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु वस्तींत दफन करण्यास नगरपालिकेनें परवानगी दिली नाहीं. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले. दहनानंतर अस्थि मात्र येथें आणून ठेविल्या. अंत्ययात्रेंत टिटवें सावित्रीबाईंनीं स्वतः धरिलें होतें. त्या काळीं एका स्त्रीनें असें करणें म्हणजे केवढें धैर्य!

पण आमचे पाय अडखळले ते पाण्यापाशीं. १८६८ मध्यें जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. पुणेकरास हें वाक्य वाचून पुढें जातां येईल. लातूरकरास तें कठीण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यांत आम्ही अगदीं लहान होतों. त्या मार्चमध्यें पाण्याच्या टाक्यांभोवतीं पांचांहून अधिक लोकांनीं जमूं नये, असा हुकूम आमच्या शहरांत निघाला. आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून दहा वाघिणींची आगगाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन आली. आईच्या पदरास धरून घागरींच्या रांगेंत उभें राहिल्याचें आम्हांस अंधुक आठवतें. परंतु तेव्हां पाणीच नव्हतें. पाणी असून तें नाकारणें ही गोष्ट निराळी, आणि त्या दोहोंतील अंतर आमच्यांतील एकासच घरून ठाऊक होतें.

त्याची आजी औसा तालुक्यांतील. लहानपणीं तिच्या गांवीं ती विहिरीपासून दूर घागर ठेवून बसे. कोणा सवर्ण बाईस दया आली म्हणजे ती वरून पाणी ओती. कधीं दुपार होई. हें त्यानें आम्हांस पूर्वीं कधींच सांगितलें नव्हतें. पांचवीपासून आम्ही एका बाकावर बसतों, एकमेकांचे डबे खातों, तरीहि नाहीं.

ओसरीवर बसून त्यानें आजीस फोन लाविला आणि आपण कोठें आलों आहों, तें मोठ्यानें सांगितलें. तिला ऐकूं कमी येतें.

“तिथं आपल्या हातानं भरू देत व्हते का रं,” तिनें विचारलें, “का वरूनच वतीत व्हते?”

“आपल्या हातानं, आजी.”

पलीकडे थोडा वेळ कांहींच बोलणें झालें नाहीं. मग ती म्हणाली, “बरं झालं बाबा. जेवलास का?”

दोन वाजून गेले होते, आणि आमच्यापैकीं कोणीहि जेवलें नव्हतें.