बारोलोच्या तळघरात

तुरिनला नोकरी करणाऱ्या भाच्याने २०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत मला बारोलो गावी नेले. इटलीच्या वायव्येला, पिडमाँट प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर हे गाव आहे. इथले द्राक्षमळे २०१४पासून जागतिक वारसा आहेत. नेब्बिओलो द्राक्षांची लाल वाइन किमान ३८ महिने, त्यांतले १८ लाकडी पिंपात, मुरल्याशिवाय बारोलो म्हणून विकताच येत नाही.

तळघरात बाटल्या आडव्या निजवलेल्या होत्या, बूच ओले राहावे म्हणून. मालकाने आधी २०१९ची वाइन दिली. रंग फिका, पण पहिल्याच घोटाला हिरडा चावल्यासारखे तोंड आकसले! मग २००४ची दिली. रंग विटकरी झालेला, वास वाळलेल्या गुलाबाचा, आणि तुरटपणा बराच निवळलेला.

मी २०१९ची एक बाटली घेतली. पण तिला मुरायला १२-१४ अंशांचा कायम गारवा हवा. एप्रिलमध्ये बेळगावात, माझ्या घरी तो कुठून आणणार? शेवटी ती भाच्याच्याच तळघरात ठेवली.

"मामा, २०३५मध्ये दोघे मिळून इथेच उघडू," तो म्हणाला.

तो परत कधी येणार, हे ताईने मला विचारायला सांगितले होते. न विचारताच उत्तर मिळाले. ताईला ते अजून सांगितलेले नाही.