कराडला आलेले दोन पूरग्रस्त

कराडला कधी आलात, तर संध्याकाळी प्रीतिसंगमावर थोडा वेळ उभे राहा. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात व एक होऊन पूर्वेकडे वळतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, सुटीच्या दिवशी भरपूर गर्दीही आहे. येथले पाणी पुढे सांगलीला जाते. म्हणून संगमाचा घाट बुडाला की आमच्या घराघरांतून सांगलीच्या नातलगांना फोन सुरू होतात. ऑगस्ट 2019 मध्ये तेच झाले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या महिन्यात पाणी 57 फुटांवर गेले होते.

पूर ओसरल्यावर दवाखान्यात ताप, जुलाब आणि पायांच्या चिखल्या घेऊन माणसे येत होती. त्या रांगेत शनिवार पेठेतील नऊ वर्षांची एक मुलगी भाजीचे प्लास्टिकचे क्रेट पोटाशी धरून बसली होती. आत दोन गिनीपिग होते. सांगलीच्या मावशीच्या शेजाऱ्यांनी घर सोडताना ते गच्चीवर ठेवले होते. पुढे त्यांना ते सांभाळणे शक्य नव्हते, म्हणून मावशीने ते इकडे आणले. "डॉक्टरकाका, हा मोठा चालतच नाही," ती म्हणाली.

मी माणसांचा डॉक्टर. गिनीपिगशी माझी ओळख एमबीबीएसच्या औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतली. त्याच्या आतड्याचा तुकडा काचेच्या नळीत टांगलेला असे. हिस्टामिनचा थेंब टाकला की तो आकसे, आणि काजळी धरलेल्या ड्रमवर रेघ उमटे. प्राणी जिवंत असा आम्हांला क्वचितच दिसला. आता ते प्रयोग बहुतेक ठिकाणी संगणकावर दाखवतात, हे बरेच झाले.

मोठ्याचे गुडघे सुजलेले होते, अंगाला हात लावताच तो किंचाळत होता. त्यांचे खाणे विचारले. दोन आठवडे भात, बिस्किटे, कधी पोळीचा तुकडा. तेव्हा पुस्तकातले एक पान आठवले. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. 1907 मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिश या नॉर्वेच्या संशोधकांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही होते हे दाखवले, आणि त्या रोगाचे कोडे उलगडू लागले. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माणसात न पाहिलेली स्कर्व्ही मला क्रेटमध्ये दिसत असावी, असा संशय आला. त्यांना पशुवैद्यकाकडे पाठवले. त्यांनी तेच निदान केले आणि थेंब सुरू केले.

तुमच्या घरीही असा सोडून दिलेला जीव आला, तर पहिले काही दिवस त्याला काहीच शिकवू नका. आपल्याकडे पाहुणा आला की सारे घर त्याच्याभोवती जमते. गिनीपिगला ते शिकाऱ्यांचे कोंडाळे वाटते. तो रानात दुसऱ्याचे भक्ष्य होऊन जगलेल्या जातीचा आहे. घरातली शांत जागा निवडा, खाली जुने सुती कापड अंथरा, आणि दोन तोंडे कापलेले पुठ्ठ्याचे खोके ठेवा. एक तोंड असेल तर त्याला आत कोंडल्यासारखे वाटते. दोघे आले असतील तर त्यांची ताटातूट करू नका. अंघोळ तर मुळीच नको. कराडचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही, कारण त्यांना माणसासारखा घाम येत नाही. पिंजरा खिडकीच्या उन्हापासून दूर, फरशीवर हवा.

खाण्यात वाळलेले गवत चोवीस तास समोर असावे, कारण त्यांचे दात जन्मभर वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात. आपल्या बांधावरची हरळी, म्हणजे दूर्वा, उत्तम. मात्र औषध फवारलेल्या उसाच्या कडेची आणू नका. 'क' जीवनसत्त्व किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम लागते; लाल ढोबळी मिरचीच्या एक-दोन लहान फोडींत ते मिळते, सोबत कोथिंबीर द्या. पाण्यात गोळी विरघळवू नका, ती लवकर निकामी होते. कांदा, लसूण, बटाटा, गूळ वर्ज्य. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज त्याच वेळी वजन घेऊन वहीत लिहा. वजन घटले, किंवा अर्धा दिवस खाणे वा लेंड्या थांबल्या, तर उद्याची वाट पाहू नका.

आता माझी चूक सांगतो. चौथ्या दिवशी मुलीच्या आईचा फोन आला. धाकटा शिंकत होता आणि मुलीला मीच लिहून दिलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप घरात उरले होते. दोन थेंब द्यावेत का? दवाखान्यात गर्दी होती. मी "द्या" म्हणणारच होतो, शब्द ओठांवर होता. काय वाटले कोण जाणे, "थांबा, विचारून सांगतो" म्हणालो. पशुवैद्यक फोनवर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर, पेनिसिलिनच्या जातीच्या औषधाने त्याच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि मागोमाग तोही मरतो." ज्या आतड्याचा मी प्रयोग केला होता, त्याबद्दल एवढे मला ठाऊक नव्हते.

घरातल्या माणसांसाठी दोन गोष्टी. हात लावल्यावर साबणाने हात धुवा. मुलांच्या अंगावर गोल चट्टा उठला तर गजकर्ण असू शकते. मलम स्वतः न लावता दाखवा. दम्याचा रुग्ण घरात असेल तर पिंजरा त्याच्या खोलीत नको.

बाराव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मोठा खोक्याच्या दारापर्यंत आपल्या पायांनी आला होता. मुलीने फ्रिजचे दार उघडताच दोघांनी लांब शिट्ट्या सुरू केल्या. कोथिंबीर तेथून येते हे त्यांना कळले होते. मी जवळ जाऊन वाकलो आणि दोघेही खोक्यात शिरले. "काका, तुमच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो," मुलगी म्हणाली.