आधी वीट भिजवा

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घ्यायला कुणी बोलावलं, की मी एक अट घालतो. पहिल्या दिवशी प्रोजेक्टर लावायचा नाही. अंगणात वीट, वाळू, सिमेंट, पाण्याचं पिंप आणि शिकवायला मिस्त्री हवेत. बाकीचं नंतर.

तिसऱ्या वर्षापर्यंत मुलांनी स्क्रीनवर पुष्कळ भिंती उभ्या केलेल्या असतात. तिथे भिंत म्हणजे दोन समांतर रेघा आणि मध्ये तिरप्या रेषांची भरण. ती भरण पोकळ असू शकते, ओली असू शकते, तिला वजन असतं, हे कळायला हात लागतो. मुलगी कोरडी वीट उचलते आणि थापीने माल पसरू लागते, तेव्हा मिस्त्री थांबवतात. ‘‘ताई, आधी वीट भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते.’’ किती वेळ भिजवायची, असं तिने विचारलं तर उत्तर तासांत येत नाही. ‘‘बुडबुडे थांबेपर्यंत,’’ ते म्हणतात. या उत्तरात कारणही आहे. विटेच्या छिद्रांतली हवा निघून पाणी भरलं, की ती मालातलं पाणी शोषत नाही आणि सिमेंटला घट्ट व्हायला जे पाणी लागतं ते त्याच्याजवळच राहतं.

दुसरी गोष्ट मापाची, आणि तिच्यावर मी मुद्दाम रेंगाळतो. प्रमाणित वीट 19 बाय 9 बाय 9 सेंटीमीटरची, सांधा 1 सेंटीमीटरचा. एखाद्याच्या नकाशात खिडकी आणि कोपरा यांच्यामध्ये 47 सेंटीमीटरची पट्टी असते. कागदावर ती छान दिसते. बांधायला बसलं की दोन विटा आणि मधला सांधा मिळून 39 होतात. मग दुसरा सांधा घेऊन उरतात 7, आणि त्या 7 साठी थरामागून थर वीट तोडत बसायचं. तुटलेले तुकडे पायाशी जमू लागले की मुलं आपणहून नकाशाकडे वळतात. खिडकी दोन सेंटीमीटर सरकवली तर 49 मिळतात: दोन अख्ख्या विटा, एक अद्धा, दोन सांधे. मुलांना हे वर्गात सांगता येतंच. पण तोडलेल्या विटांचा ढीग बघितलेला विद्यार्थी पुढच्या नकाशात खिडकी ठेवताना आपसूक विटा मोजतो, हे मी पाहत आलोय.

मग लॉरी बेकर येतात. इंग्लंडात जन्मलेल्या आणि आयुष्याचा मोठा काळ केरळात काढलेल्या या वास्तुविशारदाने रॅट-ट्रॅप बाँड आपल्याकडे रुजवला. विटा कडेवर उभ्या करायच्या आणि मध्ये पोकळी ठेवायची. भिंत तेवढ्याच जाडीची राहते, पण विटा सुमारे चौथाईने वाचतात, मालही कमी लागतो आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत कमी उतरतं. बांधताना पोकळीत माल पडू नये म्हणून मिस्त्री तिच्यावर फळीचा तुकडा ठेवतात आणि थर झाला की काढून घेतात. इथे मी मुलांना एक प्रश्न टाकतो: हीच रचना 19 बाय 9 बाय 9 च्या विटेत करून दाखवा. हिशेब केला की त्यांच्या लक्षात येतं, मध्ये जेमतेम 1 सेंटीमीटर उरतो. वीट कडेवर ठेवली काय नि आडवी ठेवली काय, उंची तीच 9. म्हणून या बांधणीला जुन्या मापाची, नऊ बाय साडेचार बाय तीन इंचांची वीट लागते. तिच्यात पोकळी तीन इंचांची मिळते. बचत कुठून येते, ते या एका हिशेबात दिसतं.

करिअर मेळाव्यांत मी मुलाखती घेतो तेव्हा पोर्टफोलिओत अशा कार्यशाळांचे फोटो असतातच. हसरी मुलं, मातीने भरलेले हात, शेजारी प्रमाणपत्र. मी विचारतो, ती भिंत आता कुठे आहे? बहुतेक वेळा ती दुसऱ्या दिवशीच पाडलेली असते. मला हे पटत नाही. पडणार हे ठाऊक असलेल्या भिंतीवर कुणी मन लावून ओळंबा धरत नाही. कॉलेजच्या आवारात एखादा बाक बांधा, झाडाचा पार बांधा, सायकलींच्या जागेला आडभिंत घाला. ती पुढची बॅच येईल तेव्हाही उभी असू द्या. तिचा तिरका थर त्यांनाही दिसू दे.

पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कार्यालयात काम करायला वेळ राखून ठेवलेला असतो, पण मिस्त्रींच्या हाताखाली काम करायला तसा वेळ क्वचितच मिळतो. कार्यशाळा ती उणीव थोडी भरून काढतात, म्हणून त्या हव्यात. मात्र आयोजकांना माझी विनंती आहे. पत्रिकेवर आमची, म्हणजे पाहुण्या वास्तुविशारदांची, नावं छापता, तशीच मिस्त्रींचंही पूर्ण नाव छापा. आणि मानधनाचं पाकीट आम्हाला जेवढ्याचं देता तेवढ्याचंच त्यांनाही द्या.