गाजरगवत, तगर आणि पांढरी चादर

आमच्या तळेगावच्या घरामागे दीड गुंठ्याचं अंगण आहे. आई होती तोवर तिथे जास्वंद, तगर आणि हरळी होती. ती गेल्यावर दोन पावसाळ्यांत तगर तेवढी टिकली, बाकी सगळं गाजरगवत. बाबांच्या हातांवर पुरळ उठायला लागलं. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण आधी ते गवत काढा.

मग काय, गेल्या जूनपासून माझे वीकेंड तिकडेच!

हे गाजरगवत म्हणजेच काँग्रेस गवत. १९५० च्या दशकात ते आपल्या पुण्यातच पहिल्यांदा लक्षात आलं. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सांगतात. एकेका झाडाला हजारो बिया, त्यामुळे फुलं यायच्या आत उपटायचं. माती ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट. नुसतं कापलं तर परत फुटतं. (बग तसाच ठेवून एरर मेसेज तेवढा बंद करण्यासारखं :-)) मोकळी जमीन दिसली की ते पुन्हा येतंच, म्हणून तिथे मारवेल गवताचे ठोंब लावले.

ऑगस्टमध्ये तगरीवर बोटाएवढ्या हिरव्या अळ्या दिसल्या. पुढच्या बाजूला दोन निळे 'डोळे'. बाबा म्हणाले, "फवारा मार." मी शोधलं तर त्या ओलिएंडर हॉक मॉथ नावाच्या पतंगाच्या निघाल्या. काही दिवसांत त्या तपकिरी पडून खाली उतरल्या आणि पाचोळ्यात शिरल्या. कोश तिथेच होतात. "पाचोळा झाडू नका," एवढं बाबांना बजावलं.

मला आता पतंगांचा नादच लागला. भारतात फुलपाखरांच्या तेराशेच्या आसपास जाती, पतंगांच्या दहा हजारांवर! शनिवारी रात्री दोरीवर पांढरी चादर टाकली, समोर दिवा लावला. पहिल्याच रात्री सतरा प्रकार. खुशीत जाऊन झोपलो. दिवा तसाच.

सकाळी चादरीखाली नुसते पंख पडलेले. बुलबुल आणि दयाळ नाश्ता उरकून गेले होते. बाबा शेजारी उभे.

"तू बोलावलंस म्हणून आले ना रे ते?"

काय बोलणार? आता दिवा तासभरच लावतो. मग बंद करतो आणि चादर हळूच झटकून घडी करतो.

परवा बुधवारी क्लायंट कॉल चालू असताना बाबांचा फोन. दोनदा कापला, तिसऱ्यांदा घाबरून उचलला.

"अरे, तगरीखाली तुझा तो हिरवा बसलाय. मी झाडू बाजूला ठेवलाय. पण शनिवारपर्यंत काही थांबायचा नाही हो तो."

"बाबा, फोटो काढा ना तुम्ही!"

काढला. अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा आहे. अंगठ्यावरचं पुरळ बरंच कमी झालेलं दिसतंय.

असो. या शनिवारी हरळी लावायची आहे. आईची जागा बाबांना नेमकी आठवते.