पोत्यामागं तीन किलो

पोत्यामागं तीन किलो कडता! आजही आठवलं की डोकं सणकतं.

आमचा बीदर-कलबुर्गीचा पट्टा तुरीचा अन् ज्वारीचा, हे काय सांगायचं? भालकी तालुक्यात कारंजा नदीकाठी आमचं एक खालचं रान आहे. पावसाळ्यात पाणी साचतं अन् तूर उबळते. म्हणून २०२२च्या खरिपात तिथं साळ लावली, बीपीटी ५२०४. चिखलणी, लावणी, भांगलण सगळं झालं, पीकही झकास आलं.

साळ उन्हात खडखडीत वाळवली. दाणा दाताखाली धरला की कटकन तुटायचा. अडतीवर व्यापाऱ्यानं पोत्यात बंबू खुपसला, मूठभर दाणे तळहातावर चोळले अन् म्हणाला, "वली हाय काका."

सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. म्हटलं, "यंत्र लावा की." यंत्र टेबलावरच होतं. "सेल संपलेत." समोरच्या दुकानातून सेल आणून दिले. मग म्हणे, "ते तुरीवर लावलंय, साळीला खोटं दाखवतंय." शेजारचे हमाल गालात हसत होते. शेवटी ७५ किलोच्या पोत्यामागं दोन किलो ओलाव्याचे अन् एक किलो बारदान्याचा, असा तीन किलो कडता कापला. बारदाना कसला, प्लॅस्टिकचं पोतं, पाव किलोही भरायचं नाही! हमाली, तोलाई वेगळीच. त्या वर्षी साधारण साळीचा हमीभाव क्विंटलला २,०४० रुपये होता. यानं त्याहून कमी दिला, तेही सोसलं. पण वाळल्या मालाला ओलं म्हणायचं? टेम्पोचं भाडं डोक्यावर, माल परत कुठं न्यायचा? त्यालाही ते ठाऊक होतं.

२०१३ पासून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेतला रेशनचा तांदूळ घरोघर येतो. भाकरी खाणाऱ्या मुलखाला भाताची सवय लागली, अन् इथल्या साळीला मात्र ही किंमत. माझं म्हणणं, रेशनवर निम्मी ज्वारीच द्यावी. अर्थात रात्री मलाही भातच लागतो, ते सोडा.

"आता साळ बंद," असं घरात ठणकावून सांगितलं होतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच लावली. त्या रानात दुसरं येतंय तरी काय?

तुम्हीही लावणार असाल तर चौघांत मिळून ओलावा मोजायचं यंत्र घ्या, सेल खिशात ठेवा. आकडा पावतीवर लिहून घेतल्याबिगर पोतं काट्यावर चढू देऊ नका.