कैवारी कोण?

अनुवादाच्या तासाला मी फळ्यावर एक शब्द लिहिला होता: 'कैवारी'. मराठी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, आपल्यामागून पिता दुसरा कैवारी देईल असे आश्वासन येशू शिष्यांना देतो. मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस'. बाजू मांडणारा, साहाय्यकर्ता, सांत्वन करणारा, अशा त्याच्या छटा. एका शब्दाला किती प्रतिशब्द संभवतात, एवढेच मला दाखवायचे होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हा उल्लेख आमच्या पैगंबरांचा आहे." पुढे बसलेली एक ख्रिस्ती विद्यार्थिनी मागे न वळताच म्हणाली, "त्याच अध्यायात तो पवित्र आत्मा असल्याचं स्पष्ट लिहिलंय." "आपण इथे धर्मचर्चा करत नाही," असे म्हणून मी शब्द पुसून टाकला. ते पुसणे मला बरेच दिवस सलत राहिले.

वाद जुना आहे. कुराणाच्या एकसष्टाव्या सुऱ्यात येशू आपल्यानंतर येणाऱ्या 'अहमद' नावाच्या प्रेषिताची वार्ता देतो. मुस्लिम भाष्यकारांनी तिचा धागा योहानातील कैवाऱ्याशी जोडला. आठव्या शतकात खलिफा अल्-महदी आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख टिमथी यांच्या संवादातही हा शब्द निघाला होता. मूळ शब्द 'पेरिक्लुतोस', म्हणजे 'प्रशंसित', असावा आणि त्याचा अर्थ 'अहमद'शी जुळतो, असाही युक्तिवाद पुढे झाला.

१८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्यात मिशनरी कार्ल फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी समोरासमोर आले. पण दोन दिवसांची ती सभा आधीच्या ग्रंथांचे रद्द होणे आणि बायबलच्या संहितेत झालेले फेरफार या दोन प्रश्नांतच आटोपली. मुहंमदांच्या प्रेषितत्वाचा विषय निघालाच नाही. १८५७ नंतर मौलानांना देश सोडावा लागला. बायबलमधील भाकितांचा विस्तृत विचार त्यांनी पुढे 'इज़हारुल हक़' या अरबी ग्रंथात केला.

हे सारे वाचल्यावर माझ्या ध्यानात आले की खरा पेच एका शब्दाचा नाही. मराठी बायबलमध्ये 'अनुवाद' याच नावाचे एक पुस्तक आहे. त्याच्या अठराव्या अध्यायात मोशेसारखा एक संदेष्टा भावांमधून उभा राहील असे भाकीत येते. मुस्लिम वाचक म्हणतो, इस्राएलाचे भाऊ म्हणजे इश्माएलाचे वंशज. एसावाच्या वंशजांनाही याच पुस्तकात भाऊ म्हटले आहे. ख्रिस्ती वाचक आदल्या अध्यायाकडे बोट दाखवतो: राजा भावांपैकीच असावा, परका नसावा, असे तिथे सांगितले आहे, तेव्हा भाऊ म्हणजे इस्राएलीच. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पेत्र हे भाकीत येशूला लावतो. मात्र ज्यू भाष्यकारांना त्यात येशू दिसत नाही. त्यांना यहोशवा किंवा मोशेनंतरच्या संदेष्ट्यांची परंपरा दिसते. म्हणजे ज्यूंच्या ग्रंथाचे जे ख्रिस्ती वाचकाने केले, तेच ख्रिस्ती ग्रंथाचे मुस्लिम वाचकाने केले. दोघांना कथेचा शेवट आधीच ठाऊक आहे, आणि दोघेही त्या शेवटाच्या प्रकाशात आरंभ वाचतात.

पुढच्या तासाला मी तो शब्द पुन्हा फळ्यावर लिहिला. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितासारख्या, इस्लामच्या उदयापूर्वीच्या ग्रीक प्रतींत 'पाराक्लेतोस'च आहे, हे सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. "म्हणजे आमची श्रद्धा चुकीची?" त्याने विचारले. मी म्हणालो, "नाही. तो ग्रीक युक्तिवाद टिकत नाही, एवढंच. तुझी श्रद्धा कुराणाच्या आयतीवर उभी आहे. हस्तलिखितांचा अभ्यास तिच्याविषयी निर्णय देऊ शकत नाही." मुलीच्या मुद्रेवर समाधान दिसले, म्हणून तिला विचारले, "आणि मोशेच्या भाकिताबद्दल एखाद्या ज्यू विद्यार्थ्याने तुला हाच प्रश्न केला, तर?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी त्याला शेवटापासून वाच म्हणेन."

"मीही तिला तेच सांगत होतो," मागच्या बाकावरून आवाज आला. या वेळी मात्र तिने मागे वळून पाहिले.

त्यांच्यात एकमत झाले नाही. व्हावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. तास संपल्यावर मी फळा पुसला नाही.